प्रवाळाच्या घरी पाहुणे

मराठी माणूस समुद्रावर जातो तेव्हा बहुधा घोट्यापर्यंतच जातो. विजार दुमडायची, लाट आली की मागे सरायचे, वाळूत नाव लिहायचे, भेळ खायची आणि सूर्य बुडाला की मुक्कामाची वाट धरायची. एवढा लांबलचक किनारा आपल्याला लाभला; पण त्या पाण्याखाली काय आहे, हे ताटात आलेल्या बांगड्यापलीकडे आपण फारसे विचारले नाही.

आमच्या घराने यंदा घोट्याच्या पुढे जायचे ठरवले आहे. दिवाळी सरली की मार्गशीर्षात आम्ही पाचजण, म्हणजे हे, मी, कन्या, चिरंजीव आणि सासूबाई, मालवणला जाणार आहोत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून, पालथे तरंगत प्रवाळ पाहायचे. या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. मराठी शिकवणारी बाई असूनही मला त्याला सुटसुटीत प्रतिशब्द सापडलेला नाही. वाचकांना सापडल्यास जरूर कळवावा.

सहल ठरवणे हे सहलीहून अवघड असते, हे गृहिणींना सांगायला नकोच. यांच्या मनात प्रथम अंदमान होते. मग लक्षद्वीप आले. तिथे छत्तीस बेटे आहेत, वस्ती दहांवर, पाणी काचेसारखे. पण जायला आधी परवाना काढावा लागतो आणि वाट कोचीवरून. पाच माणसांचा खर्च कागदावर मांडला तेव्हा बेरजेनेच आम्हाला मालवणला आणून सोडले. कोल्हापूरहून फोंडा घाटाने सुमारे दीडशे किलोमीटर. सकाळी निघावे, दुपारी जेवायला पोहोचावे.

मालवण ही काही दुधाची तहान ताकावर भागवणे नव्हे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, हे आपण शाळेत शिकतो. त्या तटाला वेढणाऱ्या पाण्यात प्रवाळांचीही वस्ती आहे, हे शाळेत कोणी सांगत नाही. १९८७ साली इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. लक्षद्वीपसारखी प्रवाळांनीच उभारलेली बेटे इथे नाहीत. खडकांवर जागोजाग वसलेले प्रवाळांचे पुंजके आहेत. पाणीही चित्रातल्यासारखे निळेशार नसते. काही हातांपर्यंत दिसले तरी समाधान मानावे, अशी मनाची तयारी मी मुलांकडून आधीच करून घेतली आहे.

‘प्रवाळ’ हा शब्द मी वर्गात अनेकदा फोडून सांगितला आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ कोवळा अंकुर आणि दुसरा पोवळे. सोनार त्याला रत्न म्हणतो आणि मंगळासाठी अंगठीत बसवतो. (अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, खडक बांधणारे प्रवाळ निराळे.) भाषेने त्याला अंकुर म्हटले, बाजाराने दगड म्हटले. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने हा प्राणी आहे असे सांगितले, तेव्हा तिथल्या पंडितांना ते पटले नाही. गंमत अशी की तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रवाळ हा प्राणीच; एक इवलीशी मऊ पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांसारखे अवयव. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगाखाली चुन्याचे घर बांधतात. तो झाला दगड. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते, उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. तो झाला अंकुर. बिऱ्हाडकरूने घरमालकाला पोसावे, असा हा संसार आहे.

हा संसार मोडतो कसा, तेही मुलांना सांगावे लागले. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानेच जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की बिऱ्हाडकरू घर सोडतो. प्रवाळ पांढरे पडते. पाणी वेळेवर निवले तर ते सावरते. नाहीतर उपाशी मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत जगभर असे झाले, आणि २०२३ पासून पुन्हा एकदा झाले. पृथ्वीचे तपमान दीड अंशाने वाढले तर सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळ जातील, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१८ साली दिला.

हे ऐकून कन्या म्हणाली, “आई, मग आपण जायचंच कशाला? एवढं आजारी माणूस, त्याच्याकडे आपण गर्दी करायची?” प्रश्न बिनतोड होता. मी तिला एवढेच म्हटले की आजाऱ्याकडे जाण्याचीही एक रीत असते. फार वेळ बसू नये, अंथरुणावर बसू नये, खायला भलतेसलते नेऊ नये. ती रीत पाळता येणार असेल तर जाऊ, नाहीतर किल्ला पाहून परत येऊ.

पण खरा अडसर निराळाच होता. सासूबाईंचा धाकटा भाऊ बाराव्या वर्षी नदीत गेला. त्या स्वतः तेव्हा चौदा वर्षांच्या, काठावर होत्या. पुढे त्यांनी यांना पाण्याच्या जवळपासही फिरकू दिले नाही. वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षापर्यंत यांना पोहता येत नव्हते ते त्यामुळे. मालवणचे नाव निघाले त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. वाद घातला नाही, रागावल्या नाहीत. नुसत्या जेवल्या नाहीत.

तेव्हा आम्ही ठरवले की आधी पोहण्याचा तलाव, मग समुद्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघांनी नाव घातले. स्नॉर्केलिंगला पोहण्यापेक्षा तरंगणे महत्त्वाचे, आणि तरंगण्यासाठी भीती सोडावी लागते. मुले आठवड्यात तरंगली, मला तीन आठवडे लागले, यांना दोन महिने. सासूबाई रोज यायच्या आणि तलावाकाठच्या बाकावर बसायच्या. ज्या दिवशी हे पहिल्यांदा हातपाय सैल सोडून पाण्यावर पडून राहिले, त्या दिवशी त्या उठून काठापाशी आल्या आणि म्हणाल्या, “आता बाहेर ये. थंडी वाजेल.” भर मे महिन्यात! पण त्या रात्री त्या जेवल्या.

नळी आणि काच यांचा सराव तलावातच करून घेतला. हा सराव सोडू नये, असे मी प्रत्येकाला सांगेन. मास्कमध्ये नाक बंद होते आणि श्वास तोंडाने घ्यावा लागतो. जन्मभराची सवय मोडायला वेळ लागतो. चिरंजीवाने विचारले, नळी दोन मीटर लांब केली तर तळाशी बसून पाहता येणार नाही का? येणार नाही. थोड्या खोलीवरही पाणी छातीवर इतके दाबते की फुप्फुसे वरची हवा ओढू शकत नाहीत. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा अडकून पुन्हा आत येते. म्हणून नळी हातभराहूनही आखूड असते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची, हे ऐकून सासूबाईंनी ‘शिव शिव’ म्हटले. मिशांमुळे मास्क नीट चिकटत नाही आणि पाणी आत येते. यांच्या मिशांचा निकाल अजून लागायचा आहे. पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, तेव्हा बाहेर येऊन कोणी माशाची लांबी सांगू लागला तर त्यातली एक चतुर्थांश वजा करावी, असा ठराव घरात झाला आहे.

राहिला प्रश्न तारखेचा. पावसाळ्यात हा खेळ बंद असतो आणि त्यानंतरही काही दिवस पाणी गढूळ राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला; पण नाताळच्या आठवड्यात गर्दी फार. मग तिथी पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ जास्त आणि गाळ ढवळतो. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी शांत. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आहे. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे. येतील तेवढ्या वाजता भरती. मी हे सांगत असताना सासूबाईंनी पंचांग पुढे ओढले. “एकादशीला सव्वाआठ येतात,” त्या म्हणाल्या. “भांगही असतो, सकाळची भरतीही मिळते. मार्गशीर्षातली एकादशी धरा.” जी बाई पाण्याचे नाव काढू देत नव्हती, तिनेच मुहूर्त काढून दिला! हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्यांना विचारायचीच. पण दिवस पक्का झाला. मार्गशीर्षात मालवणला जाऊन, त्यातही एकादशीला, ताटात मासा नाही, याचे दुःख हे एकटेच गिळत आहेत.

आजाऱ्याकडे जाण्याची रीत कन्येने कागदावर उतरवून भिंतीला लावली आहे. प्रवाळावर उभे राहायचे नाही. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. चिरंजीव अकरा वर्षांचा, म्हणजे त्याच्या जन्मापासून ते अर्धी वीत वाढले असेल, आणि एका लाथेत तुटेल. हात लावायचा नाही, तुकडा आणायचा नाही. २००१ पासून प्रवाळाला कायद्याने वाघाच्या पंगतीला बसवले आहे. माशांना पाव घालायचा नाही. अंगाला उन्हाची मलमे न फासता पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. त्यातली काही रसायने प्रवाळाला बाधतात, म्हणून हवाई बेटांत २०२१ पासून तशा मलमांच्या विक्रीला बंदी आहे. होडीचा नांगर प्रवाळावर पडणार नाही ना, हे आधीच विचारायचे. तरंगजाकीट कोणी काढायचे नाही, आणि एकट्याने कुठे जायचे नाही.

या यादीत शेवटचे कलम सासूबाईंनी घातले. त्या पाण्यात उतरणार नाहीत. होडीत बसणार आहेत. पण नुसत्या बसणार नाहीत. दर थोड्या वेळाने त्या पाण्यावरची चार डोकी मोजतील आणि आम्ही प्रत्येकाने हात वर करून ‘ओ’ द्यायची. मासा कितीही सुंदर दिसत असला तरी. त्यांची मोजणी पुरी झाल्याशिवाय होडी हलवायची नाही, हे होडीवाल्यालाही बजावून ठेवायचे आहे.