सुटकेनंतरचा विनोद : 'गोइंग स्ट्रेट' या उत्तरमालिकेचे पुनर्मूल्यांकन

१

लोकप्रिय कलाकृतीच्या उत्तरकथेचे मूल्यमापन बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : मूळ कृतीत जे होते ते हिच्यात आहे काय? उत्तर नकारार्थी आले की तिच्यावर उणेपणाचा शिक्का बसतो. मूळ कृतीत जे होते ते उत्तरकथेने हेतुतःच बाजूला ठेवले असण्याची शक्यता या पद्धतीत ध्यानात घेतली जात नाही. बीबीसीच्या 'पॉरिज' या मालिकेतून निघालेल्या आणि १९७८ साली अवघ्या सहा भागांत संपलेल्या 'गोइंग स्ट्रेट' या मालिकेच्या बाबतीत असेच घडले. ही मालिका 'पॉरिज'ची फिकट सावली आहे, हा रूढ अभिप्राय कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने या लेखकद्वयाची 'पॉरिज' ही मालिका १९७४ ते १९७७ या काळात प्रसारित झाली. नाताळचे दोन विशेष भाग धरून तिचे एकूण वीस भाग होतात. 'पॉरिज' म्हणजे तुरुंगात न्याहारीला मिळणारी लापशी. 'लापशी खाणे' हा इंग्रजी बोलीत शिक्षा भोगण्याचा पर्याय. स्लेड या काल्पनिक तुरुंगात पाच वर्षांची शिक्षा भोगणारा सराईत गुन्हेगार नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर हा तिचा नायक. ती भूमिका रॉनी बार्कर यांनी केली. पहिल्यांदाच तुरुंगात आलेला त्याचा तरुण सहकैदी गॉडबर रिचर्ड बेकिन्सेल यांनी, तर करड्या शिस्तीचा स्कॉटिश पहारेकरी मकाय फुल्टन मकाय यांनी साकारला. उत्तरमालिकेत फ्लेचर शिक्षा संपवून बाहेर येतो. 'गोइंग स्ट्रेट' या शीर्षकाचा अर्थ मराठी वाचकाला सहज उमगतो : 'सरळ मार्गाला लागणे'.

२

'पॉरिज'मधील विनोदाची घडण तिच्या स्थळात आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ सालच्या 'असायलम्स' या ग्रंथात 'संपूर्ण संस्था' ही संकल्पना मांडली. जिथे माणसाचे झोपणे, काम करणे आणि विरंगुळा एकाच सत्तेखाली, एकाच छपराखाली नियमबद्ध होतात, अशी संस्था. अशा संस्थेतील माणूस नियमांच्या फटीतून लहानसहान निषिद्ध सुखे मिळवतो आणि त्यांच्या आधारे आपले 'स्व'पण राखतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. फ्लेचरच्या व्यक्तिरेखेला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. तुरुंगव्यवस्था आपण उलथून टाकणार नाही, हे तो जाणतो. पण आजचा दिवस आपला व्हावा, यासाठी त्याची सारी बुद्धी पणाला लागते. खाण्याची एखादी वस्तू लांबवणे, हलके काम पदरात पाडून घेणे किंवा मकायला निरुत्तर करणे हे त्याचे विजय. ते हास्यकारक ठरतात, कारण त्यांच्यासमोर उभी असलेली भिंत प्रचंड आणि अढळ आहे. पहिल्या पर्वातील 'अ नाइट इन' हा भाग जवळजवळ संपूर्णपणे एका कोठडीत, दोन माणसांच्या रात्रीच्या बोलण्यात घडतो. तिथे उघड विनोदी प्रसंग फार थोडे आहेत. कोंडलेपणच बोलण्याला गती देते.

उत्तरमालिकेने ही भिंत काढून घेतली. दोन्ही मालिकांच्या आरंभचित्रांची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. 'पॉरिज'च्या प्रारंभी न्यायाधीशाचा शिक्षा सुनावणारा आवाज येतो आणि एकामागून एक लोखंडी दारे बंद होतात. तो आवाजही बार्कर यांचाच आहे. 'गोइंग स्ट्रेट'च्या प्रारंभी मात्र बार्कर यांनी गायिलेले शीर्षकगीत आहे. शिक्षेच्या वाक्याला पूर्णविराम असतो. गीतात माणूस सुधारण्याचा वायदा करतो. तो पाळला जाईल की नाही, हे अनिश्चित असते. मालिकेचा सारा ताण या अनिश्चिततेत आहे.

३

उत्तरमालिकेचे मर्म पहिल्याच भागात प्रकट होते. सुटून घरी निघालेला फ्लेचर आणि मकाय एकाच आगगाडीने लंडनकडे प्रवास करतात. गणवेष आणि कोठडी यांचे अंतर गेल्यावर या दोघांत काय उरते? उरतात ती दोन वय झालेली माणसे. त्यांची उभी हयात एकाच संस्थेत, दाराच्या दोन बाजूंना गेली आहे. मूळ मालिकेतील शत्रुत्व ही एका परीने सोबतही होती, हे इथे प्रथम जाणवते. ज्याला चकवण्यात दिवस सार्थकी लागत असे, तो प्रतिस्पर्धीच या प्रवासानंतर फ्लेचरच्या आयुष्यातून जाणार आहे.

घरी परतल्यावर हे रितेपण वाढते. पत्नी इझोबेल घर सोडून गेली आहे. मुलगी इन्ग्रिड घर सांभाळते. धाकटा रेमंड बापाच्या गैरहजेरीत वाढलेला, मंद सुरात बोलणारा मुलगा आहे. पॅट्रिशिया ब्रेक आणि निकोलस लिंडहर्स्ट यांनी या भूमिका केल्या आहेत. अधिक अर्थपूर्ण आहे तो गॉडबरच्या नात्यातला बदल. कोठडीत फ्लेचर गुरू आणि गॉडबर शिष्य होता. बाहेर गॉडबर मालमोटार चालवतो, इन्ग्रिडशी लग्न ठरवतो आणि सासऱ्याआधीच संसाराला लागतो. फ्लेचरला मात्र देखरेख अधिकारी महिलेच्या मदतीने एका लहानशा हॉटेलात रात्रपाळीच्या हरकाम्याची नोकरी धरावी लागते. ज्या ज्ञानामुळे तो आत श्रेष्ठ होता, त्याला बाहेर बाजारभाव नाही. शिष्याला सुटका पेलते, गुरूला पेलत नाही. ही उलथापालथ मालिका कोठेही भाष्य न करता दाखवते.

भाषेच्या अंगानेही हा बदल तपासता येतो. अश्लील शब्द दूरचित्रवाणीवर वर्ज्य असल्याने लेखकांनी 'पॉरिज'साठी 'नॅफ', 'नर्क' यांसारख्या शब्दांची एक पर्यायी शिवराळ बोली योजली. ती खरी वाटली, कारण बंदिस्त समूहाची स्वतःची बोली असते आणि ती ऐकणारे कान भोवती असतात. उत्तरमालिकेत फ्लेचरची वाणी तितकीच तल्लख आहे. पण तिचा समूह विखुरला आहे. त्याची कोटी मुले ऐकून घेतात, देखरेख अधिकारी सहन करते. कोठडीत टोल्याला प्रतिटोला मिळत असे. इथे तो पुष्कळदा मिळत नाही. 'विनोद कमी झाला' ही तक्रार या अर्थाने खरी आहे. मात्र हे कमी होणे लेखनाच्या थकव्यातून आलेले नाही. ते सुटून आलेल्या माणसाच्या एकाकीपणाचे रूप आहे.

४

याचा अर्थ मालिका निर्दोष आहे, असा नव्हे. सौम्य बॅरोक्लफ आणि नाना स्वभावांचे कैदी यांच्यामुळे मूळ मालिकेला लाभलेला भरगच्चपणा इथे नाही. जवळजवळ प्रत्येक भागात नवी पात्रे आणावी लागतात आणि ती रुजण्यापूर्वीच भाग संपतो. गुन्ह्याकडे परतण्याचा मोह हे सूत्र पुनःपुन्हा येते. त्याची उत्कटता सर्वत्र सारखी टिकत नाही. सहा भागांत या त्रुटी भरून निघण्यास अवसर नव्हता.

तरीही 'अपयश' ही संज्ञा वस्तुस्थितीला धरून नाही. १९७९ साली सर्वोत्कृष्ट प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा बाफ्टा पुरस्कार 'गोइंग स्ट्रेट'ला मिळाला. त्याच वर्षी १९ मार्च रोजी बेकिन्सेल यांचे वयाच्या एकतिसाव्या वर्षी निधन झाले. पुढे या मालिकेचे दुसरे पर्व निघाले नाही. 'परतून आलेला माणूस' हा विषयही या लेखकांना नवा नव्हता. १९७३-७४ सालच्या 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?' या उत्तरमालिकेत सैन्यातून परतलेला टेरी आणि दरम्यान मध्यमवर्गीय झालेला त्याचा मित्र बॉब यांच्यातील अंतर त्यांनी रंगवले होते. तिथे दोन मित्रांच्या वादाने विनोदाला आधार दिला. फ्लेचरला असा बरोबरीचा सोबती उरला नव्हता.

१९७९ सालच्या 'पॉरिज' या चित्रपटाचा दाखला इथे उद्‌बोधक ठरतो. फ्लेचर सुटून गेल्याचे प्रेक्षकांनी पाहिलेले असतानाही चित्रपट त्याला स्लेड तुरुंगात परत नेतो. एका फुटबॉल सामन्याच्या आडून रचलेल्या पलायनात फ्लेचर आणि गॉडबर नकळत ओढले जातात आणि मग त्यांना गुपचूप तुरुंगात परत शिरण्याची खटपट करावी लागते. शिक्षा संपत आलेल्या कैद्यांचे हे शहाणपण आहे. त्याचबरोबर प्रेक्षकाच्या इच्छेचेही ते चित्र आहे. आवडता कैदी कैदेतच राहावा, असे त्याला वाटते.

५

मूळ कृती संकट दाखवते. उत्तरकथेचा खरा विषय संकट संपल्यावर माणसाचे काय होते, हा असतो. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त वनवास आणि युद्ध संपून अयोध्येला परतल्यानंतरच रामाचे खरे दुःख सुरू होते. दोन्ही कृतींची जातकुळी भिन्न असली, तरी परतण्याने कथा सुफळ होत नाही, ही जाणीव दोहींत आहे. 'पॉरिज'ने प्रेक्षकाला तुरुंगातल्या माणसाबरोबर हसायला शिकवले. तोच माणूस शेजारी राहायला आला, तेव्हा त्या हसण्याचा काही भाग भिंतींमुळे शक्य झाला होता, हे 'गोइंग स्ट्रेट'ने दाखवून दिले. तिच्यातील उण्या हास्याचा हिशेब मांडताना तिने विचारलेला हा प्रश्न जमेस धरला पाहिजे.