रीफ टाकी : उथळ की उंच?

दिवाणखान्यात समुद्र आणण्याची हौस आता आपल्याकडेही आली आहे. दुकानात उंच टाकी डोळ्यांत भरते. जागा कमी, ऐट जास्त. पण पैसे मोजण्यापूर्वी थोडे गणित करावे.

2 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टाकीत काठोकाठ 226 लिटर पाणी मावते. 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि फक्त 1 फूट उंच टाकीतही तेवढेच. मात्र हवेला भिडणारा पृष्ठभाग पहिलीत 4 चौरस फूट, दुसरीत 8. प्राणवायू शिरतो तो इथूनच. खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा कमी विरघळतो, उन्हाळ्यात आणखी कमी. दुपारी वीज गेली, पंप थांबला, की हा फरक माशांच्या जिवाशी येतो.

उंच टाकीला दिवे जास्त ताकदीचे लागतात, काचही जाड. शिवाय हात तळाशी पोचायला हवा. (काखेपर्यंत भिजून करायची साफसफाई महिन्याभरात बंद पडते!)

उथळ टाकीचे पाणी मात्र लवकर आटते. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी; आर. ओ.चे उत्तम. वर जाळी हवीच, मासे उडी मारतात.

आणि प्रवाळ? दगडी प्रवाळाला आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कोणी देऊ केले तरी घेऊ नये. कृत्रिम खडक आणि पैदास केंद्रातले दोन क्लाऊनफिश एवढ्यावरही घरातली मुले ‘मीनु, मीनु’ करत काचेला नाक लावतात.