कमांड प्रॉम्प्टची सेटिंग जाते कुठे?

फाइल मॅनेजरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच आहे. स्टार्ट मेनूतून सीएमडी उघडली, फॉन्ट मोठा केला, अक्षरं हिरवी केली, विंडो रुंद केली. बंद करून पुन्हा उघडली तरी सगळं जागच्या जागी. मग टोटल कमांडरमधून उघडली, किंवा विंडोज एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबलं, तर समोर पुन्हा तीच मूळची काळी विंडो आणि बारीक करडी अक्षरं. यावरून सरसकट निष्कर्ष निघतो की सेटिंग सेव्हच झाली नाही. कोणी फाइल मॅनेजरला दोष देतो, कोणी रजिस्ट्री ‘साफ’ करणारं एखादं सॉफ्टवेअर चालवून नवं संकट ओढवून घेतो. खरं तर सेटिंग सेव्ह झालेली असते, पण वेगळ्या ठिकाणी.

‘विंडो सीएमडीची आहे’

मुळातला गैरसमज हा आहे. सीएमडी हा प्रोग्रॅम फक्त कमांड वाचतो आणि चालवतो. अक्षरं रंगवणं, स्क्रोलबार दाखवणं, माउसने मजकूर निवडू देणं ही कामं ‘कन्सोल होस्ट’ नावाचा दुसराच प्रोग्रॅम करतो. टास्क मॅनेजरमध्ये तो ‘कॉनहोस्ट’ या नावाने दिसतो. विंडोज ७ पासून ही व्यवस्था आहे. त्याआधी हे काम सीएसआरएसएस ही सिस्टमची प्रोसेस करत असे. म्हणजे फॉन्ट, रंग, रुंदी, जुन्या ओळी किती साठवायच्या, यातलं काहीही सीएमडीच्या हातात नाही. कॉनहोस्ट हे सगळं एका ठरलेल्या क्रमाने ठरवतो.

आधी तो स्वतःत भरलेली मूल्यं घेतो. मग रजिस्ट्रीत, एचकेसीयूखालच्या ‘कन्सोल’ या कीमध्ये जे असेल ते त्यावर चढवतो. त्यानंतर विंडोचं सुरुवातीचं टायटल काय आहे ते बघतो आणि ‘कन्सोल’खाली त्या टायटलच्या नावाची उपकी असेल तर तिच्यातली मूल्यं लावतो. आणि विंडो शॉर्टकटवरून उघडली असेल, तर त्या शॉर्टकट फाइलच्या आत साठवलेली मूल्यं सर्वात वरचढ ठरतात. या क्रमात नंतरचा आधीच्यावर मात करतो.

आता तक्रारीचा उलगडा होतो. स्टार्ट मेनूतला कमांड प्रॉम्प्ट हा शॉर्टकट आहे. तिथून उघडलेल्या विंडोत केलेले बदल त्या शॉर्टकट फाइलमध्ये गेले. टोटल कमांडर तो शॉर्टकट वापरतच नाही, थेट सीएमडीचा प्रोग्रॅम सुरू करतो. त्याला तुमचा हिरवा रंग दिसणार कुठून?

विंडोज एक्सपीच्या काळात हे लपलेलं नव्हतं. प्रॉपर्टीजमध्ये बदल करून ओके म्हटलं की एक छोटा डायलॉग विचारायचा: बदल फक्त याच विंडोला लावायचा, की याच टायटलच्या पुढच्या विंडोंसाठीही ठेवायचा? शॉर्टकटवरून उघडली असेल तर दुसरा पर्याय शॉर्टकट बदलण्याचा असे. पुढे हा प्रश्न विचारणं बंद झालं आणि बदल गुपचूप सेव्ह होऊ लागले. एक क्लिक वाचलं हे खरं, पण सेटिंग कुठे चालली आहे हे सांगणारी एकमेव जागाही गेली. मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

‘डिफॉल्ट्समध्ये बदललं की सगळीकडे बदलतं’

विंडोच्या टायटल बारवर राइट क्लिक केलं की ‘डिफॉल्ट्स’ आणि ‘प्रॉपर्टीज’ असे दोन पर्याय दिसतात. दोन्हींचे डायलॉग जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून लोक कुठलाही एक उघडतात. ‘प्रॉपर्टीज’ त्या विंडोच्या टायटलपुरती (किंवा तिच्या शॉर्टकटपुरती) लिहिते. ‘डिफॉल्ट्स’ मुख्य ‘कन्सोल’ कीमध्ये लिहिते, आणि तिचा परिणाम उघड्या विंडोवर होत नाही, नव्याने उघडणाऱ्यांवर होतो.

फाइल मॅनेजरमधून सतत काम करणाऱ्याने आधी ‘डिफॉल्ट्स’च लावावं, हे बरोबरच आहे. पण त्यानेही एखादी विंडो ढिम्म हलत नसेल, तर तिच्या टायटलची उपकी आधीपासून आहे असं समजावं. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘कन्सोल’ उघडून पाहा. टायटलमधल्या बॅकस्लॅशच्या जागी अंडरस्कोर घातलेली, सिस्टमरूट, सिस्टम३२ आणि सीएमडी यांची नावं एकाला एक जोडलेली की तिथे सापडते. कधीकाळी ‘प्रॉपर्टीज’मध्ये सहज केलेला एखादा बदल तिच्यात बसून असतो. की एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा. पुढची विंडो मुकाट्याने डिफॉल्ट्स पाळते.

याच नियमाचा उलटा उपयोगही होतो. ‘स्टार्ट’ या कमांडला पहिल्या अवतरणचिन्हांत नाव दिलं की विंडो त्या टायटलने उघडते. मग तिच्या प्रॉपर्टीज त्या नावाखाली कायमच्या राहतात. बॅकअपसाठी लाल, सर्व्हरच्या कामासाठी निळी, अशा वेगवेगळ्या विंडो फाइल मॅनेजरच्या बटणांवर बसवता येतात. दुसरी वाट शॉर्टकटची. सीएमडीचा स्वतंत्र शॉर्टकट करा, त्यातला ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा ठेवा म्हणजे ती चालू फोल्डरात उघडेल, आणि टोटल कमांडरच्या बटणाला थेट प्रोग्रॅमऐवजी तो शॉर्टकट द्या.

एक बारीक गोष्ट ३२ बिटची. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट फाइल मॅनेजर चालवत असाल, तर तो ‘सिस्टम३२’मधली सीएमडी मागतो आणि विंडोज त्याला परस्पर ‘सिसवॉव६४’ या फोल्डरातली ३२ बिट सीएमडी देते. तिथला प्रोग्रॅम वेगळा, आणि टायटलमधला मार्ग वेगळा असेल तर उपकीही वेगळी. खात्री करायची तर त्या विंडोत प्रोसेसर आर्किटेक्चर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एको करून पाहा. उत्तर एक्स८६ आलं तर विंडो ३२ बिट आहे. फाइल मॅनेजरची ६४ बिट आवृत्ती घेणं हा सरळ उपाय.

‘अ‍ॅडमिन म्हणून उघडली की सेटिंग उडते’

उडत नाही. साध्या खात्यावर असताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊन विंडो उघडली, तर ती त्या दुसऱ्या खात्याची असते, आणि एचकेसीयू ही शाखा प्रत्येक खात्याची निराळी. तुमचा फॉन्ट तुमच्या खात्यात सुखरूप आहे. अ‍ॅडमिन विंडो चालू फोल्डरऐवजी सिस्टम३२मध्ये उघडते, तीही बिघाड नसून ठरलेली वागणूक आहे.

फोल्डरचीच गोष्ट निघाली म्हणून नेटवर्कचंही सांगतो. दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा नेटवर्कचा मार्ग सीएमडीला चालू फोल्डर म्हणून चालत नाही. ती तसा इशारा देते आणि विंडोजच्या फोल्डरात जाऊन बसते. अशा वेळी ‘पुशडी’ वापरावी. ती त्या मार्गाला झेडपासून उलट्या क्रमाने पहिलं मोकळं ड्राइव्ह अक्षर देते आणि तिथे नेऊन सोडते. ‘पॉपडी’ केलं की ते अक्षर मोकळं होतं.

‘ऑटोरनमध्ये टाकलं की झालं’

हा सल्ला सर्वात घातक आहे, आणि तो फार सहज दिला जातो. रजिस्ट्रीत ‘कमांड प्रोसेसर’ कीखाली ऑटोरन नावाचं मूल्य ठेवता येतं. सीएमडी सुरू झाली की त्यातली कमांड आपोआप चालते. रंग, प्रॉम्प्ट, आवडतं फोल्डर, सगळं लोक तिथे भरतात. पण सीएमडी फक्त तुम्हीच सुरू करत नाही. इन्स्टॉलर, बिल्ड टूल, बॅच फाइलमधले ‘फॉर’ लूप, सगळे पडद्याआड तिला बोलावतात, आणि ऑटोरन तिथेही चालते. फोल्डर बदलणारी ओळ असेल तर ‘याच फोल्डरात उघड’ हा फाइल मॅनेजरचा हुकूम दर वेळी पुसला जातो. काही छापणारी ओळ असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमला मिळणाऱ्या उत्तरात ती मिसळते आणि भलतीकडेच एरर दिसते. संशय असेल तर सीएमडीला स्लॅश डी देऊन उघडा, ऑटोरन टाळली जाते. नुसता रंग हवा असेल तर बटणाच्या पॅरामीटरमध्ये स्लॅश टी, कोलन आणि रंगाचे दोन आकडे पुरतात.

आकारासाठी ‘मोड कॉन’ ही कमांडही अशीच सुचवली जाते. ती विंडोबरोबर बफरही तेवढाच करते. विंडोज १० मध्ये मुळात सुमारे नऊ हजार ओळी मागे स्क्रोल करता येतात, या कमांडने त्या तीस-चाळीसवर येतात.

विंडोज ११ वाल्यांसाठी मात्र वरचं बरंच काही गैरलागू असू शकतं. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे विंडोज टर्मिनल हे मूळ टर्मिनल झालं. ते रजिस्ट्रीतली ‘कन्सोल’ की वाचत नाही, शॉर्टकटमधला फॉन्टही नाही. त्याची स्वतःची सेटिंग्ज फाइल आणि त्यात प्रोफाइल असतात. एक्सप्लोररमधलं ‘ओपन इन टर्मिनल’ डिफॉल्ट प्रोफाइल उघडतं, आणि ते बहुधा पॉवरशेल असतं. सीएमडी हवी तर टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट प्रोफाइल बदला. जुनी कन्सोल विंडोच हवी असेल तर तिथेच, डिफॉल्ट टर्मिनल म्हणून ‘विंडोज कन्सोल होस्ट’ निवडा.

राहिला देवनागरीचा प्रश्न. फोल्डरांना मराठी नावं देणाऱ्यांना जुन्या विंडोत ‘डिर’ केल्यावर चौकोन दिसतात आणि वाटतं, नावं खराब झाली. ती शाबूत असतात. तो चौकोनांचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, ‘हिशेब’ आणि ‘पत्रव्यवहार’ जसेच्या तसे उमटतात. ‘कन्सोलस’ या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत आणि जुना कॉनहोस्ट दुसऱ्या फॉन्टमधून ती आणत नाही, एवढंच. विंडोज टर्मिनल आणतं, पण जोडाक्षरं ठरीव रुंदीच्या रकान्यांत नीट बसत नाहीत. सीएचसीपी ६५००१ केल्याने पडद्यावरचे चौकोन जात नाहीत, कारण ती कमांड कोडपेज बदलते, फॉन्ट नव्हे. ती लागते फाइलसाठी. मराठीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं स्वतःचं कोडपेजच नाही, म्हणून ‘डिर’ची यादी फाइलमध्ये वळवली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात. ६५००१ लावून वळवली तर मराठी नावं टिकतात. मराठी मार्ग असलेली बॅच फाइलही यूटीएफ-८ मध्ये, बॉमशिवाय सेव्ह करावी आणि ही कमांड त्या मार्गांच्या आधी, वरच लिहावी.