न पकडलेल्या चुका आणि वेब सेवा

निकाल पाहण्यासाठी विद्यार्थी आसन क्रमांक टाकतो आणि पडद्यावर डेटाबेसमधील तक्त्यांची नावे व फाइलींचे मार्ग उमटतात. निकाल तर मिळत नाहीच, शिवाय सेवेचे अंतरंग परक्यासमोर उघडे पडते.

प्रत्येक फंक्शनमध्ये 'ट्राय-कॅच' लिहीत बसणे हा उपाय नव्हे. कोठेतरी राहून जातेच. म्हणून एक सामायिक हँडलर ठेवला जातो. नोड जेएसवरील एक्सप्रेसमध्ये त्याला चार पॅरामीटर लागतात. चौथा वापरात नसला तरी लिहावाच लागतो, कारण या संख्येवरूनच एक्सप्रेस त्याला ओळखते. त्याची जागा सर्व राउटनंतर. त्याने पूर्ण तपशील लॉगमध्ये नोंदवावा. विद्यार्थ्याला ५०० हा स्टेटस कोड, साधा संदेश व नोंद क्रमांक एवढेच द्यावे. चौथ्या आवृत्तीत असिंक फंक्शनमधील चूक येथे आपोआप पोहोचत नाही, २०२४ मधील पाचव्या आवृत्तीत पोहोचते.

याही पलीकडे निसटलेली चूक 'अनकॉट एक्सेप्शन' या घटनेत सापडते. बहुतेक जण फसतात ते येथेच: नोंद करून सेवा तशीच चालू ठेवतात. परंतु प्रोग्रामच्या मेमरीत काय अर्धवट राहिले, हे त्या क्षणी सांगता येत नाही. एकाची माहिती दुसऱ्याच्या शुल्क पावतीवर जाणेही अशक्य नाही. म्हणून नोंद करून प्रोग्राम थांबवावा आणि सिस्टमडीसारख्या व्यवस्थेने तो नव्याने सुरू करावा. नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून (२०२०) न हाताळलेले प्रॉमिस रिजेक्शनही प्रोग्राम बंद पाडते. अनेकांना हे जाचक वाटते, पण ते योग्यच आहे. मात्र थांबताना शून्य सोडून अन्य एक्झिट कोड द्यावा. सिस्टमडीत 'रिस्टार्ट'साठी 'ऑन-फेल्युअर' ठेवले असेल, तर शून्यावर सेवा पुन्हा उठत नाही.