धुराडे जमिनीत किती?

सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरची ओळख साखरेमुळे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथलाच. गळीत हंगामातली उसाच्या गाड्यांची रांग, वजनकाटा, गव्हाण आणि या सगळ्यावर उभे धुराडे हे चित्र इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. त्यावर संगणकाचा खेळ रचायचा असे अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवले आणि आम्ही मदतीला गेलो. दृश्य ‘युनिटी’ या प्रणालीत बांधायचे. पण एकेक वस्तू माउसने न मांडता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटला सांगून मांडून घ्यायची, असा बेत होता.

एजंट म्हणजे काय? भाषा जाणणारे एक मॉडेल आणि त्याच्या हाती दिलेली काही साधने. मॉडेल स्वतः फक्त मजकूर लिहिते. दृश्यात वस्तू निर्माण करण्याचे काम एका छोट्या प्रोग्रॅमचे; तेच साधन. मॉडेल लिहून देते की आकार वृत्तचिती, स्थान अमुक, प्रमाण अमुक. प्रोग्रॅम ते करतो आणि उत्तर पाठवतो. ही देवाणघेवाण कशी व्हावी याचा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. त्यात साधनाबरोबर प्रामुख्याने तीन गोष्टी दिल्या जातात: नाव, शब्दांतले वर्णन आणि भरायच्या माहितीचा नमुना. साधनाच्या पोटात काय आहे ते मॉडेलला दिसत नाही. आमच्या मांडणीत तर त्याला पडदाही दिसत नव्हता.

आम्ही वर्णन लिहिले ते एका ओळीचे: ‘दृश्यात नवी वस्तू तयार करते.’ आम्हाला ते पुरेसे वाटले.

पहिली आज्ञा होती, ४० मीटर उंच आणि ३ मीटर व्यासाचे धुराडे जमिनीवर उभे कर. एजंटने उभ्या दिशेचे प्रमाण ४० दिले, आडव्या दोन्ही दिशांचे ३, आणि स्थानाची उंची शून्य. पडद्यावर धुराडे झोकात उभे राहिले. शेजारी आम्ही हाताने ४० मीटरची पट्टी मांडून पाहिली. टोकाला टोक जुळले!

पुढे दुसऱ्याच कारणासाठी आम्ही साधनाच्या उत्तरात थोडी भर घातली. ‘वस्तू तयार झाली’ एवढेच न सांगता तिचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा बिंदू कळवायचा. धुराडे पुन्हा उभारले तेव्हा उत्तर आले: खाली उणे ४०, वर ४०. म्हणजे धुराडे ८० मीटरचे होते आणि निम्मे जमिनीत होते.

हे कसे झाले? युनिटीतला मूळ घन सर्व बाजूंनी १ मीटरचा असतो, पण मूळ वृत्तचिती १ मीटर व्यासाची आणि २ मीटर उंचीची असते. प्रमाण ४० म्हणजे उंची ८०. शिवाय या मूळ आकारांचे स्थान म्हणजे त्यांच्या मध्यबिंदूचे स्थान, तळाचे नव्हे. एका चुकीने उंची दुप्पट केली, दुसरीने तेवढीच वाढ जमिनीत गाडली. बेरीज अचूक दिसली. खेळात पुढे आवाराखालून जाणारे एक भुयार यायचे होते; तिथे हे धुराडे वाटेत आडवे आले असते आणि कारण शोधताना मुले रडकुंडीला आली असती.

दोष एजंटचा म्हणावा का? आमच्या मते नाही. माणसाला अपुरी माहितीपुस्तिका दिली तरी तो पडद्याकडे बघून, चाचपडत काम भागवतो. इथे वर्णन हेच डोळे. ते मुके राहिले की मॉडेल रिकाम्या जागा अंदाजाने भरते, आणि अंदाज इतका सराईत असतो की शंका येत नाही.

नव्या वर्णनात आम्ही लिहिले: ‘अंतरे मीटरमध्ये, कोन अंशांत. वरची दिशा वाय. स्थान वस्तूच्या मध्यबिंदूचे. वृत्तचितीची मूळ उंची २ मीटर, म्हणून उभे प्रमाण हव्या त्या उंचीच्या निम्मे द्या.’ आता एजंटने प्रमाण २० आणि स्थानाची उंची २० दिली. उत्तर आले शून्य ते ४०.

बैलगाडीने वेगळाच धडा दिला. साटा म्हणून एक घन ३ मीटर लांब, १ मीटर उंच असा ताणला होता आणि चाके त्याच घनाची ‘अपत्ये’ म्हणून जोडली होती. अपत्य वस्तू पालकाचे प्रमाणही उचलते. त्यामुळे चाकांची लांबी तिप्पट झाली, उंची होती तेवढीच राहिली, आणि श्रीपूरच्या रस्त्यावर लंबवर्तुळाकार चाकांची गाडी आली. मुले पोट धरून हसली. प्रमाण १ असलेली रिकामी वस्तू पालक करावी, साटा आणि चाके दोन्ही तिची अपत्ये असावीत, ही ओळ वर्णनात त्यानंतर आली. असलेली वस्तू फक्त हलवायची असेल तर हे साधन वापरू नये, हीसुद्धा. कारण युनिटी एकाच नावाच्या दोन वस्तू बिनतक्रार ठेवून घेते.

मात्र सगळेच लिहावे असेही नाही. साधनांची वर्णने कामाच्या वेळी मॉडेलला वाचावी लागतात. ती फुगली की नेमकी ओळ गर्दीत हरवते. रंगांबद्दलचा आमचा एक अख्खा परिच्छेद आम्ही नंतर काढून टाकला.

हे वर्णन ‘गोडो’ या मुक्त प्रणालीला जसेच्या तसे चालणार नाही. तिथे प्रोग्रॅममधून दिलेला वळणाचा मूळ आकडा रेडियनमध्ये धरला जातो. एजंटने काटकोनासाठी ९० लिहिले आणि साधनाने ते अंशांतून न बदलता तसेच पुढे दिले, तर गाडी १४ पूर्ण फेरे आणि वर सुमारे ११७ अंश वळेल. फेरे कुणालाच दिसणार नाहीत. वजनकाट्यावर गाडी तेवढी तिरकी उभी असेल.