अनुपस्थित मित्राचे गाणे

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात भजनी मंडळे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. समजा, एखाद्या मंडळाचा मुख्य गायक हळूहळू भ्रमिष्टासारखा वागू लागला, भर भजनात टाळ खाली ठेवून शून्यात पाहत बसू लागला, तर सोबत्यांनी काय करावे? त्याला सांभाळून घ्यावे, की दुसरा गायक आणून भजन पुढे चालू ठेवावे? नेमका हाच प्रश्न १९६८ साली इंग्लंडमधील काही तरुण संगीतकारांपुढे उभा राहिला होता. त्यांनी भजन पुढे चालू ठेवले. मागे राहिलेल्या मित्रासाठी मात्र १९७५ साली त्यांनी जी ध्वनिमुद्रिका काढली, ती आज रॉक संगीतातील अभिजात कृती मानली जाते. तिचे नाव ‘विश यू वेअर हिअर’, म्हणजेच ‘तू इथे असायला हवा होतास’.

‘पिंक फ्लॉइड’ हा वाद्यवृंद १९६५ साली लंडनमध्ये स्थापन झाला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे त्याचे प्रारंभीचे प्रमुख सदस्य. अमेरिकेतील दोन ब्लूज गायकांच्या नावांतून वाद्यवृंदाचे नाव घडवले ते सिडनेच. १९६७ मध्ये प्रकाशित झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीतेही त्याचीच होती. सिडचे मूळ नाव रॉजर कीथ बॅरेट. जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. वैद्यक व्यवसायातील वाचकांना हे जाणून कुतूहल वाटेल, की त्याचे वडील विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट होते. सिड पंधरा वर्षांचा असतानाच त्यांचे निधन झाले.

कीर्ती आली त्याच वर्षी सिडचे मन ढळू लागले. रंगमंचावर तो निश्चल उभा राही, कधी एकच स्वरमेळ वाजवत राही. एलएसडी या भ्रमकारी द्रव्याचे सेवनही चालू होते. सोबत्यांनी केंब्रिजचाच जुना मित्र डेव्हिड गिलमोर याला मदतीस घेतले. पुढे जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमास निघताना सिडला घ्यायला जायचेच नाही, असे ठरले. भांडण नाही, निरोप नाही. गाडी त्याच्या दारावरून वळली नाही, एवढेच. एप्रिलमध्ये त्याचे बाहेर पडणे जाहीर झाले.

गिलमोर, वॉटर्स आणि राइट यांनी १९७० साली प्रकाशित झालेल्या सिडच्या दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांना हातभार लावला, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर मात्र तो संगीतविश्वातून दिसेनासा झाला. इकडे १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ने वाद्यवृंदाला अफाट यश मिळवून दिले. त्या यशानंतर आलेली पोकळी आणि नसलेल्या मित्राची आठवण यांतून पुढील ध्वनिमुद्रिका आकारास आली.

तिच्यात पाचच रचना आहेत. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही सिडला उद्देशून केलेली नऊ भागांची दीर्घ रचना दोन खंडांत विभागली आहे. एका खंडाने ध्वनिमुद्रिका सुरू होते, दुसऱ्याने संपते. मधल्या तीन गीतांपैकी दोन संगीत-व्यवसायाच्या कोरड्या व्यवहारावर आहेत आणि तिसरे शीर्षकगीत. प्रारंभी संथ सूर, मग गिलमोरच्या गिटारवरील चार स्वरांची आर्त आकृती. गायकाचा आवाज ऐकू येण्यापूर्वी आठ मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्येच वाजतात. विलंबित आलापीची सवय असलेल्या आपल्या कानांना हा धीमेपणा परका वाटू नये. अगदी शेवटी सूर विरत असताना राइट सिडच्या १९६७ मधील एका गाण्याची चाल हलकेच वाजवून जातो.

५ जून १९७५ रोजी लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना एक स्थूल इसम आत आला. डोके आणि भुवयाही भादरलेल्या. बराच वेळ त्याला कोणी ओळखले नाही. तो सिड होता. ज्याच्या नसण्यावर गीत रचले जात होते, तो त्याच वास्तूत उभा असताना त्याच्या मित्रांना तो परका वाटला.

सिडला नेमका कोणता आजार होता? स्किझोफ्रेनिया, मादक द्रव्यांमुळे उद्भवलेला मनोविकार, की आणखी काही, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु कोणतेही अधिकृत निदान कधी जाहीर झाले नाही. रुग्ण न तपासता निदान सांगणे आपल्या शास्त्राला शोभणारे नाही. मात्र एवढे निश्चित, की तीव्र मनोविकारांची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते, मादक द्रव्ये मुळात नाजूक असलेल्या मनाचा तोल बिघडवू शकतात आणि उपचाराविना जितका काळ जातो, तितके पूर्ववत होणे कठीण होते. आरंभीची लक्षणे मित्रांनाच आधी दिसतात, आणि मित्र त्यांना ‘लहर’ म्हणून सोडून देतात.

आपल्याकडे मन बिघडलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक बहुधा प्रथम जामसावळीच्या हनुमंतापुढे उभे राहतात. नागपूरच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जाईपर्यंत कधी महिने लोटतात, कधी वर्षे. श्रद्धा माणसाला धीर देते, त्याविषयी वाद नाही. पण दर्शन आणि औषध यांत विरोध नाही, हे सांगण्याचे काम कुटुंबाच्या विश्वासातील डॉक्टरच करू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या शासकीय सेवेवर विनामूल्य सल्लाही मिळतो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून नवा जिल्हा झाला. या जिल्ह्यात मनाच्या आजाराची दखल शरीराच्या आजाराइतकीच सहज घेतली जावी, अशी अपेक्षा बाळगणे वावगे नाही.

सिड पुढे केंब्रिजला परतला, रॉजर या मूळ नावाने राहिला, चित्रे काढली, बाग केली. बहीण रोझमेरीने त्याची काळजी वाहिली. ७ जुलै २००६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला. ‘देवराई’ या २००४ च्या मराठी चित्रपटातही स्किझोफ्रेनियाग्रस्त भावाला बहीणच जपते, याची येथे आठवण होते.

अनुपस्थित मित्रासाठी गीत रचणे थोर खरेच. पण बदललेल्या रूपात समोर आलेल्या मित्राला ओळखणे त्याहून कठीण आहे. आपल्याही वर्गमित्रांत, सहव्यावसायिकांत, गल्लीत एखादा असा असेल, जो हल्ली बैठकीला येत नाही आणि ज्याच्याविषयी कोणी विचारत नाही. त्याच्यासाठी ध्वनिमुद्रिका काढणे आपल्या आवाक्यातले नाही. गाडी त्याच्या दारावरून नेणे मात्र आहे.