झाड लावल्यानंतर

शहरातील मुलांना वृक्षांचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. प्राणवायू, सावली, पाऊस ही उत्तरे त्यांना पाठच असतात. परंतु वर्गाच्या खिडकीबाहेरचे झाड कोणते, असे विचारताच वर्ग गप्प होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपूरसारख्या शहरात मूल ज्या सावलीत खेळते, त्या झाडाचे नावही त्याला ठाऊक नसावे, ही उणीव मुलाची नव्हे. ती आम्हा शिक्षकांची होय.

म्हणूनच वृक्षशिक्षणाचा आरंभ आम्ही वृक्षारोपणाने न करता ओळखीने करतो. प्रत्येक विद्यार्थ्याकडे आवारातील वा रस्त्याकडेचे एक झाड वर्षभर सोपवलेले असते. त्याने पानाचा ठसा घ्यावा, जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळून खोडाचा घेर मोजावा, पानगळ, पालवी आणि फुलोऱ्याच्या तारखा वहीत नोंदवाव्यात, अशी अपेक्षा असते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला आणि बहावा मात्र आपल्याच मातीतला, हे मग मुलांना पाठ करावे लागत नाही.

ओळखीनंतर येते ती निगा. निगा राखण्यासाठी झाड जगते कसे, हे आधी समजले पाहिजे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत पोहोचते. खोडाभोवतीची साल कंकणाकार सोलली गेली, तर मुळे उपाशी राहून झाड मरते. गच्च बांधलेली तार हेच काम सावकाश करते. शिवाय झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून तिच्यावर नवे लाकूड वाढवते. जाहिरातीसाठी ठोकलेल्या खिळ्याच्या वाटेने बुरशी व कीड आत शिरू शकते, ती याच अवधीत.

मुळांविषयीही मोठा गैरसमज आहे. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले, की दोन्ही वाटा बंद होतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट हटवण्याचे आदेश दिले, ते याच कारणाने.

हे सारे आम्हालाही उशिराच उमगले. एका वर्षी आम्ही आवारात रोपे लावली, लोखंडी कठडे बसवले आणि निश्चिंत झालो. काही वर्षांनी सहावीतील एका मुलीने तक्रार केली, की घेर मोजायला सुतळी आत जातच नाही. जाऊन पाहिले, तर कठड्याची पट्टी कडुनिंबाच्या सालीत पेरभर रुतलेली होती. लावण्याचा समारंभ झाला होता, छायाचित्रे निघाली होती. कठडा काढण्याची आठवण मात्र कोणालाच राहिली नव्हती. पट्टी ओढून न काढता दोन्ही बाजूंनी कापली. रुतलेला तुकडा तसाच राहू दिला. कडुनिंब वाचला. शेजारचा बहावा वाचला नाही. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मुले आवारातील प्रत्येक कठडा, तार आणि दोरी तपासतात.

आवाराबाहेरच्या झाडांसाठी कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरात परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आम्ही वृक्ष प्राधिकरणाला उद्देशून अर्ज लिहून घेतो. झाडाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने नेमक्या शब्दांत बोलणे, हाही या शिक्षणाचाच भाग होय.

माणसांना आणि पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावल्याची नोंद सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात आहे. अशी सावली एका दिवसाच्या समारंभातून मिळत नाही. लावणाऱ्यानंतरही कोणीतरी राखलेली असावी लागते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. या आवारात आपण लावलेले झाड पाहायला अवश्य यावे आणि येताना सोबत सुतळी आणावी. पालकांनीही आपल्या घरासमोरच्या झाडाच्या बुंध्याकडे एकदा वाकून पाहावे. तिथे काही रुतलेले असेल, तर ते दाखवून द्यायला आपले मूल आता पुरेसे शिकलेले आहे.